साहेब तसं म्हणाले नव्हते

सांगली
३ मे २०२५

चि. अंकिता,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पोस्टानं लिहिते आहे. तुमच्या वस्तीवर पोस्टमन आठवड्यातून एकदाच येतो असं तू मागे सांगितलं होतंस, तेव्हा हे तुझ्या हातात पडायला वेळ लागेल. लागू दे. बहिऱ्या मुलांच्या शाळेत तू निबंधात पहिली यायचीस, त्यामुळे हे पत्र तुला कुणाकडून समजून घ्यावं लागणार नाही, एवढं बरं आहे.

आधी मल्हारचं सांगते. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, ती तू गावी निघून गेलीस त्याच दिवशी. आता टाके निघाले आहेत. काठी घेऊन हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चालतो. त्याची आई विजयमालाबाई खंडाळ्याहून आली आहे, ती त्याच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून झोपते. मल्हार मला पाहिलं की तुझ्या नावाची खूण करतो, गालावरची खळी, आणि भुवया उंचावतो. मी सांगते, गावी आहे, बरी आहे.

धवल आणि अबोली कामावर जातात. दोघांना आता फक्त बेदाणा निवडायच्या पट्ट्यावर बसवतात. तुझी जागा मालकांनी, भाऊसोंनी, अजून कुणाला दिलेली नाही. परवा ते मला म्हणाले, ती आटपाडीची पोरगी कधी येणार? तिच्यासारखी प्रतवारी कुणी करत नाही.

अंकिता, तुम्हा चौघांना त्या कोल्ड स्टोरेजमध्ये लावायला मला दोन वर्षं लागली. किती मालकांच्या दारात उभी राहिले ते तुला माहीत आहे. ऐकू न येणारी मुलं म्हटलं की पाणी विचारायचे आणि वाटेला लावायचे. तू सोडलंस तर धवल आणि अबोलीचंही मन उडेल.

भाऊसोंनी जानेवारीत फोर्कलिफ्टवरच्या दिव्याचं कबूल केलं आणि एप्रिलपर्यंत बसवला नाही, याचा तुला संताप आला असेल. तो रास्तच आहे. मोठ्या माणसांचे शब्द असेच असतात. पण त्यापायी हातची नोकरी घालवू नकोस. आणि माझ्यावर राग का, ते मला खरंच कळलेलं नाही. निदान एक ओळ लिही.

तुझी,
प्रमोदिनीताई


सांगली
१९ मे २०२५

चि. अंकिता,

काल दुपारी तुझ्या आईचा फोन आला.

“ताई, पोरगी धड जेवत न्हाई,” शालूबाई म्हणाल्या. “रानात जाती, येती, आन् हातानं एकच सांगत बसती. मी पाठवलं, मी पाठवलं. आमाला काय उमगंना. कुणाला पाठवलं वो हिनं?”

मला उमगलं. पण मी त्यांना म्हटलं, मला काही कल्पना नाही, तुम्ही तिच्याकडे लक्ष ठेवा. फोन ठेवला आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत चार जणांचे अर्ज भरले.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझा राग मला कळला नाही हेही खोटं, आणि भाऊसोंचं लिहिलं तेही खोटं.

जानेवारीत तुम्ही चौघांनी रॅकमधल्या गल्लीत जायचं बंद केलं होतं. मग वीस तारखेला तू मला घेऊन भाऊसोंच्या ऑफिसात गेलीस, आणि बाहेर आल्यावर तूच बाकीच्या तिघांना समजावलंस की साहेबांनी शब्द दिला आहे, पुढच्या महिन्यात दिवा येतो आहे, तोवर जपून जाऊ. ते तिघं तुझ्या शब्दावर गेले. ११ एप्रिलला मल्हारला गल्लीतून दहा बॉक्स आणायला तूच सांगितलंस. तो पाठमोरा उभा होता. जयराजनं फोर्कलिफ्ट मागे घेताना तीनदा हॉर्न दिला, आणि मल्हारला तो ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

अंकिता, साहेबांनी शब्द दिला नव्हता.

त्या दिवशी तू हातांनी काय बोललीस ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. तू म्हणालीस, “गाडी मागून येते. ते हॉर्न वाजवतात, आम्हाला ऐकू येत नाही. मी दोनदा वाचले आहे. गाडीवर फिरता दिवा लावा. दिवा लागेपर्यंत आम्ही चौघं गल्लीत जाणार नाही.” भाऊसो माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्यांना सांगितलं, “ती म्हणते, काम आवडतं. गाडीची थोडी भीती वाटते एवढंच.”

भाऊसो हसले. म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांनाच भ्या वाटतं, हुईल सवय. आणि त्यांनी चहा सांगितला.

तू माझ्याकडे वळलीस. मी तुला खुणेनं सांगितलं, “साहेब म्हणतात, दिवा बसवू. पुढच्या महिन्यात.”

तुझा चेहरा खुलला. तू उठून भाऊसोंना नमस्कार केलास. त्यांना कळेना, ही एवढा नमस्कार कशाला करते आहे.

का केलं, ते लिहायला बसले आहे तर लिहिते. डिसेंबरात कराडजवळच्या एका हॉटेलनं आपल्या संस्थेनं लावलेली दोन मुलं एका तक्रारीवरून काढून टाकली होती. मालक मला म्हणाला, बाई, कामाला माणसं पाहिजेत, भांडायला नकोत. तुम्ही चौघं “जाणार नाही” म्हणालात, की भाऊसोही तेच म्हणतील अशी मला धास्ती होती. वाटलं, मी नंतर त्यांच्याशी सवडीनं बोलेन, दिव्याचं गळी उतरवीन. ती सवड मी काढली नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. तू दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा सांगितलं, ऑर्डर दिली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझे आईबाबा दोघंही बहिरे होते, हे तुला माहीत आहे. वाईला बाबा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी नऊ वर्षांची असताना ते मला मालकांकडे घेऊन गेले. “माझे डोळे दुखतात, मला खिडकीजवळची जागा द्या,” असं त्यांनी मालकांसाठी मला खुणांनी सांगितलं. मालक हिशेबात होते, चेहरा आंबट होता. मी घाबरले. म्हटलं, बाबा म्हणतात सगळं बरं आहे. मालक म्हणाले, शहाणी आहे पोरगी. घरी येताना बाबांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, जागा रिकामी झाली की देतील.

बाबा चार वर्षं त्या खिडकीची वाट पाहत राहिले. पुढे त्यांची नजर फार अधू झाली. बहिऱ्या माणसाचे डोळे गेले म्हणजे काय होतं, ते मी घरात पाहिलं. मालक भला माणूस आहे, असं ते शेवटपर्यंत सांगायचे.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते, असं मी मनाला समजावत आले. जानेवारीत मी चोपन्न वर्षांची होते.

मल्हारला तू फसवून पाठवलं नाहीस. मी तुला फसवलं. हे आईला दाखव. त्यांना वाचता येत नसेल तर वडिलांना, गुंडाभाऊंना, वाचायला सांग.

प्रमोदिनी


सांगली
६ जून २०२५

अंकिता,

तुझं उत्तर आलं नाही. यावं असा हट्टही नाही. पण त्या पत्रानंतर मी काय केलं ते तुला कळायला हवं, नाहीतर तुला एकटीला कागदावर सांगून मी मोकळी झाले असं होईल.

२२ तारखेला मी भाऊसोंकडे गेले. जयराजलाही बोलावून घ्या म्हटलं. दोघांसमोर उभ्यानंच सांगितलं, वीस जानेवारीला पोरगी काय म्हणाली होती आणि मी काय सांगितलं. भाऊसोंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “बाई, मी काय बहिरा हुतो व्हय? मला सांगायचं तुमचं काम हुतं. तेवढंच तर काम हुतं.”

मी मान खाली घातली. ते पुढे म्हणाले की ते वाईट मालक असतील, चिडलेही असते, पण दिवा लावला नसता असं मी परस्पर कसं ठरवलं? हेही लिहिते, की हे म्हणून झाल्यावर ते स्वतःच पुटपुटले, लावला असता का न्हाई, द्येव जाणे. त्यांनाही ते ठाऊक नाही. मी ते कळायची वेळच येऊ दिली नाही.

जयराज दाराशी उभा होता. अठरा वर्षं लष्करात गाड्या चालवलेला माणूस. अपघाताच्या दिवसापासून तो फोर्कलिफ्टवर बसलेला नाही, गेटवर नोंदी करतो. तो एवढंच म्हणाला, “पोरांना आयकू येत न्हाई हे मला ठावं हुतं. तरी हात हॉर्नवरच गेला. सवय.” आणि निघून गेला.

तिथून हॉस्पिटलात गेले; जखम पुरती भरेना म्हणून मल्हार अजून तिथेच होता. विजयमालाबाईंना तोंडानं आणि मल्हारला हातांनी, दोघांना एकदमच सांगितलं. मधेच माझे हात थांबले. मल्हारनं खूण केली, पुढे. मी पुढे सांगितलं. विजयमालाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत वॉर्डात नेऊन ठेवला. मल्हारनं विचारलं, उद्या भरपाईच्या कामासाठी सरकारी ऑफिसात जायचं आहे, तिथे माझं बोलणं कोण सांगणार? मी म्हटलं, मीच येते. तो म्हणाला, “नको. दुसरं कुणीतरी पाठवा.” मग थोडं थांबून त्यानं पुन्हा तीच खूण केली, जरा सावकाश, मला कळलं नसेल असं समजून.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून दुसरी दुभाषी, राजनंदिनी, आली. तू तिला प्रशिक्षणात पाहिलं आहेस, ती उंच मुलगी. तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं.

संस्थेचे प्रमुख गोपाळकृष्ण सर म्हणाले, झालं ते झालं, पण लेखी काही देऊ नका. हे बाहेर गेलं तर दुसरे मालक दार लावून घेतील, सदतीस मुलांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जानेवारीत मीही असंच म्हणत होते. मी लेखी दिलं. त्याखाली राजीनामाही दिला.

आता राहिलेलं एक. मागच्या पत्रात मी हॉटेलचं लिहिलं, ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. भाऊसोंनी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, गावातली माणसं, पेपरवाला. मला त्याची आमंत्रणपत्रिका आपण भाऊसोंकडे गेलो त्याच्या आदल्याच दिवशी मिळाली होती. माझ्या पर्समध्ये होती ती, तू बोलत होतीस तेव्हा. बत्तीस वर्षांत मला कुणी शाल दिली नव्हती. सहा दिवस भांडण नको, असं मला वाटलं होतं. पुढे काय ते नंतर बघू.

आणि तू त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलली होतीस. “त्यांनी आम्हाला काम दिलं म्हणजे उपकार केले नाहीत, आम्ही काम करतो.” ते तर मी अजिबातच सांगितलं नाही. कारण ते मला भाऊसोंपेक्षा स्वतःलाच लागलं. मनात आलं, हिला मी आटपाडीहून आणली, आणि ही असं बोलते. दोन वर्षं मी तुमच्यासाठी खपले असं मी सगळीकडे सांगायचे. ते सांगता सांगता तुम्ही माझे उपकार मानावेत, अशी माझीही इच्छा झाली होती. हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

शाल कपाटात आहे. ती कुणाला द्यावी हेही कळत नाही. देण्यासारखी राहिलेली नाही.

प्रमोदिनी


सांगली
३० जून २०२५

अंकिता,

तुझं कार्ड १६ तारखेला आलं. “साहेबांबरोबर बैठक ठेवा. राजनंदिनी मॅडमना बोलवा. तुम्ही नको.” मी ते घेऊन तशीच भाऊसोंकडे गेले आणि टेबलावर ठेवलं. माझं काम तिथे संपलं.

काल बैठक झाली. मी सांगलीतच होते, पण तिकडे फिरकले नाही. झालं ते मला राजनंदिनीनं फोनवर सांगितलं, तेही तुझी परवानगी विचारून. तुम्ही चौघं, भाऊसो, जयराज. तू अडीच तास बोललीस आणि राजनंदिनीनं तुझा एकही शब्द मऊ केला नाही. एका वाक्यावर भाऊसो उठून बाहेर गेले, पाणी पिऊन परत आले. मालक उठून गेला तरी आकाश कोसळत नाही, तो परतही येतो, हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मी तिथवर कुणाला जाऊच दिलं नाही.

गाडीवर दिवा आणि रॅकच्या कोपऱ्यावर आरसे बसले आहेत, ते तुझं बोलणं होण्याआधीच, मेच्या अखेरीस. पण माणूस गल्लीत असताना गाडी आत न्यायचीच नाही, हा नियम तू काल लावून घेतलास. मल्हार ऑगस्टपासून बसून करायच्या कामावर येणार, पगार तोच. जयराजला गाडीवर परत बसवा, असं मल्हारनंच भाऊसोंना सांगितलं. राजनंदिनी म्हणाली, जयराजनं तेव्हा भिंतीकडे तोंड केलं.

आणि तू सोमवारपासून येते आहेस.

आज तू सामान आणायला गावी निघालीस. मी एसटी स्टँडवर तुला शोधत आले होते असं समजू नकोस. मी मिरजेच्या गाडीसाठी उभी होते. मला आता तिथल्या एका शाळेत दुपारचं काम मिळालं आहे, लहान मुलांना खुणा शिकवायचं. मोठ्यांच्या बोलण्यात मी असणार नाही. तू मला पाहिलंस. तोंड फिरवून जाशील असं वाटलं होतं. तू आलीस.

आपण जे बोललो ते तुला माहीतच आहे, पण मला ते कागदावर हवं आहे, म्हणजे पुढे कधी मी ते माझ्या सोयीचं करून सांगणार नाही. तू म्हणालीस, पत्रं वाचली. तुमच्या बाबांचं दोनदा वाचलं. मी काहीच विचारलं नाही. माफीचं तर नाहीच. मग तू म्हणालीस, “मल्हारला मीच पाठवलं, ते बदलत नाही. पण मी त्याला खोटं सांगून पाठवलं नाही. एवढ्यावर झोप लागते आता.”

मी रडू लागले तेव्हा तू वाट पाहिलीस. मग म्हणालीस, “आता आमच्यामधे येऊ नका.”

एवढं बोलून तू चौकशीच्या खिडकीकडे गेलीस. आटपाडीच्या गाडीचं विचारायला तू मोबाइलवर लिहिलंस आणि काचेला लावलंस. आतल्या माणसानं न पाहताच हात हलवला आणि माइकवर म्हणाला, तिकडं विचारा. तुला ते ऐकू आलं नाही, तू तशीच उभी राहिलीस. मागचे लोक कुरकुरू लागले. एक जण म्हणाला, अवो, मुकी दिसतीया. मी चार पावलांवर होते. माझं तोंड उघडलं होतं. आटपाडीची गाडी किती वाजता, एवढे चार शब्द. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे.

मी तोंड मिटलं आणि हात पदरात धरले.

तू काचेवर बोटांनी टकटक केलीस. त्यानं मान वर केली. तू मोबाइल पुन्हा समोर धरलास आणि दुसऱ्या हातानं त्याच्या डोळ्यांकडे बोट दाखवलंस, वाच म्हणून. त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. मग एका चिठ्ठीवर फलाट आणि वेळ लिहून, चिठ्ठी काचेखालून सरकवून, त्यानं तुला घड्याळही दाखवलं, घाई कर म्हणून.

तू धावलीस. गाडी लागलेलीच होती.

यानंतर मी लिहिणार नाही. हे पत्रही तू वस्तीवरून निघण्याआधी तिथे पोचणार नाही, म्हणून कोल्ड स्टोरेजच्या पत्त्यावर टाकते आहे, तुझ्या नावानं.

गाडी हलेपर्यंत मी तिथेच उभी होते. तू खिडकीशी बसली होतीस. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल.

प्रमोदिनी